ठराव क्रमांक ४

माझ्या दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी एक प्रमाणपत्र टांगलेलं आहे. लॅमिनेशनमध्ये पाणी शिरून त्याचा खालचा कोपरा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झालाय, पण मजकूर शाबूत आहे. मी २००५ साली एमएस-सीआयटी पास झालो, ८१ टक्के. संगणकाची ही परीक्षा २००१ साली सुरू झाली आणि पुढची काही वर्षं गावोगावची पोरं ती अशा भक्तिभावानं देत होती, की पास झालं की दुसऱ्या दिवशी तलाठ्याची ऑर्डर घरपोच येणार. माझी आली नाही. मग मी कृषी सेवा केंद्र टाकलं. प्रमाणपत्र उतरवायला मात्र जीव होईना. त्या अभ्यासक्रमातलं आज मला एवढंच आठवतं, की माऊस टेबलाच्या काठाला पोचला तर उचलून पुन्हा मधे आणायचा असतो.

एवढ्या भांडवलावर मी गेल्या श्रावणात देवगाव रंगारीतल्या साठेक पालकांना सहावी ते आठवीच्या लेकरांचं डिजिटल शिक्षण समजावून सांगायला उभा राहिलो. काय झालं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. कन्नडपर्यंत पोचलं आहे. लासूर स्टेशनच्या कांदा मार्केटातही एकानं मला ओळखून हात केला. तेव्हा आता आणखी पुढे जायच्या आत मीच सांगितलेलं बरं.

आमचं गाव शिवना नदीवरचं. नावातला रंगारी म्हणजे कापड रंगवणारे, असं जुनी माणसं सांगतात. आता गावात रंग उरलाय तो कीटकनाशकाच्या बाटल्यांवरच्या लाल-पिवळ्या त्रिकोणात. तालुका कन्नड. हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हमखास विचारतो, ‘घरी कन्नड बोलता का?’ आणि गावाचं नाव इंग्रजीत लिहायच्या दोन तऱ्हा, एकीत ‘ओ’, दुसरीत ‘व्ही’. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, त्यामुळे ऑनलाइन फॉर्म भरताना जिल्हा यादीच्या वरच्या टोकाला शोधायचा की जरा खाली, हा एक वेगळाच पेपर असतो. आमच्याकडचा माणूस फॉर्म भरायला बसला की स्वतःचा पत्ता लिहितानाच निम्मा गळतो.

आता मी या भानगडीत कसा पडलो ते सांगतो. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानं शाळांना शाळा व्यवस्थापन समिती दिली आणि तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा ठेवला. आमच्या शाळेच्या समितीचा अध्यक्ष निवडायची सभा दहाला होती. मी दहाला गेलो. बाकीचे साडेअकराला आले, तोवर मी अध्यक्ष झालो होतो.

सहा महिने अध्यक्षपद सुखाचं गेलं. पंधरा ऑगस्टला नारळ फोडायचा, पोषण आहाराची खिचडी चाखून मान डोलवायची. मग एक दिवस हेडसर दुकानात आले. मिरचीवरच्या चुरडामुरड्याचं औषध विचारलं, घेतलं नाही, आणि म्हणाले, ‘अध्यक्ष, पालकांना काही समजत नाही हो. आम्ही ग्रुपवर व्हिडिओ टाकतो, कुणी उघडत नाही. अपारचं संमतिपत्र पाठवलं तर निम्म्यांनी ते घडी करून देव्हाऱ्यात ठेवलं. एक पालकसभा घेऊ. तुम्ही समजावून सांगा.’

‘मी?’

हेडसरांनी गणपतीच्या शेजारी बघितलं. ‘तुम्ही एमएस-सीआयटी आहात.’

‘आहात’ म्हणाले. ‘झालात’ नाही. एखादा माणूस डॉक्टर असतो, वकील असतो, तसा मी एमएस-सीआयटी होतो. वीस वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. मी चहा मागवला आणि तिथेच फसलो.

हेडसरांनी मला यादी दिली. ही यादी वाचून बघा : सरल, दीक्षा, निष्ठा, निपुण, उल्लास, स्वाध्याय, अपार. शाळेचा कारभार नव्हे, काल्याचं कीर्तन चालू आहे असं वाटतं. सरल म्हणजे २०१५ पासून मुलांची माहिती भरायची जागा. ती भरणाऱ्या गुरुजींना विचारा ती किती सरळ आहे ते. दीक्षा म्हणजे धडे आणि व्हिडिओ. निष्ठा गुरुजींच्या प्रशिक्षणाची. उल्लास मोठ्या माणसांच्या साक्षरतेचा. आणि अपार म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा बारा आकडी नंबर, जो त्याच्या मार्कांसकट जन्मभर त्याच्यामागं फिरणार. या बारा आकडी डिजिटल नंबरासाठी पालकाची संमती मात्र कागदावर, पेनानं, सहीनिशी. आणि शाळेच्या रजिस्टरातलं नाव आधारवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. आमच्याकडे पाळण्यात एक नाव, शाळेत दुसरं, आधारवर ऑपरेटरला ऐकू आलं ते तिसरं. तीन नावांचं एक लेकरू घेऊन बाप आधार केंद्रावर रांगेत उभा असतो.

पालकांना शाळेतलं न समजणं हे आमच्याकडे नवीन नाही, हे मला सांगायचं आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाचा. आजोबा शिकले तेव्हा वरच्या वर्गांत उर्दू. पणजोबांना पोराच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचता येत नसे. ते पाटी उलटसुलट करून बघत आणि म्हणत, ‘अक्षर चांगलं हाये.’ मीही पोरीच्या हातातला मोबाईल बघून गेली दोन वर्षं याच अर्थाचं काहीतरी म्हणत आलोय.

खरं तर माझी लायकी मला २०२० सालीच कळायला हवी होती. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली नावाची मालिका सुरू झाली, ती आमच्याकडे आई सर्वांत आवडीनं बघायची. तिला चौथीचा परिसर अभ्यास अजून येतो. नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर स्वाध्याय आला. दर आठवड्याला प्रश्न यायचे, पर्याय निवडायचा, लगेच निकाल. थोरला तेव्हा सहावीत होता आणि फोन माझा. शनिवारी तो क्रिकेटला गेला होता. गणिताचे दहा प्रश्न आले. मी म्हटलं, सहावीचं तर आहे. आपणच करून टाकू, पोराला आयते मार्क.

दहापैकी चार.

मशीन फार सभ्य होतं. ते काही बोललं नाही. फक्त अपूर्णांकांची बेरीज समजावून सांगणारे व्हिडिओ त्यानं पाठवले. ते मी बघितले नाहीत, आणि पोरालाही दाखवले नाहीत, कारण कशासाठी आले ते सांगावं लागलं असतं. पुढच्या आठवड्यात गुरुजींचा फोन आला, ‘मुलगा वर्गात हुशार आहे, पण घरी कुठंतरी कमी पडतंय.’ मी म्हणालो, ‘हो, वातावरण नाही.’

तर असा मी. सभेच्या आदल्या रात्री धाकटीला घेऊन बसलो. ती सातवीत आहे. तिनं माझी तयारी दहा मिनिटं बघितली आणि म्हणाली, ‘पप्पा, तुम्ही फक्त बोला. फोन मी चालवते.’ या वाक्यात माझं सगळं भलं होतं. पण अध्यक्षानं बोलायचं आणि सातवीच्या पोरीनं चालवायचं म्हणजे नंदीबैलवाल्यासारखं दिसलं असतं, आणि त्यातला बैल कोण हे गावानं लगेच ठरवलं असतं. तिला झोपायला पाठवलं आणि रात्री एक वाजेपर्यंत यूट्यूबवर शिकत बसलो. मोबाईलमधलं चित्र टीव्हीवर कसं दाखवायचं याचे सात व्हिडिओ बघितले. सातवा हिंदीत होता आणि त्यातला मुलगा माझ्या पोरापेक्षा लहान होता.

सभा शाळेतल्या डिजिटल वर्गात. भिंतीवर मोठा टीव्ही, त्याला पोपटी कापडाची झालरवाली खोळ. तो चालू करायच्या आधी हेडसर खोळ अशी काढतात की नवरदेवाच्या मुंडावळ्या बाजूला करताहेत. साठ पालकांत चाळीसेक बाया होत्या. पुढे सतरंजीवर त्या, कडेवर लेकरं. मागे दाराजवळ पुरुष, बुटं न काढता. मला एक गोष्ट लक्षात आली होती आणि मी तिचा अर्थ चुकीचा लावला. पुरुषांपैकी बरेच जण माझी नजर टाळत होते. मला वाटलं, अध्यक्ष म्हणून आदर आहे. श्रावण म्हणजे खरिपाच्या फवारणीचे दिवस आणि मी कृषी केंद्रवाला, हे त्या क्षणी माझ्या ध्यानातच नव्हतं.

सुरुवात मी डिसले गुरुजींपासून केली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले, पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणारे, २०२० साली दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवणारे, असं सगळं सांगितलं. ‘आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली,’ असं म्हणून मी थांबलो, टाळ्यांसाठी.

टाळ्या आल्या नाहीत. मागून आवाज आला, ‘निम्मी? वाटून टाकली?’

‘हो.’

‘परत मागितली न्हाई?’

‘नाही.’

दाराजवळ एक मोठा सुस्कारा पडला. ‘आसा मानूस आपल्या गावात पायजे व्हता,’ कुणीतरी म्हणालं, आणि चार-पाच जणांनी माझ्याकडे बघितलं. हा पहिला इशारा होता.

मग मी मुद्द्याला हात घातला. ‘तर मायबहिणींनो, प्रत्येक लेकरानं घरी दीक्षा घेतली पाहिजे.’

पहिल्या ओळीतल्या एक म्हाताऱ्या आजी ताडकन उठल्या. नातवाला मांडीवरून उचललं, छातीशी धरलं. ‘एकुलता एक हाये बाबा,’ त्या म्हणाल्या. ‘त्याचा बाप म्हनला फकस्त सही करायला जा. दीक्षाबिक्षा काई न्हाई. आमाला घरदार चालवायचंय.’

आमच्या भागात महानुभावांचे मठ आहेत, दीक्षा घेणं म्हणजे घर सोडून मठात जाणं, हे लेकराबाळांनाही ठाऊक. ५ सप्टेंबर २०१७ ला दिल्लीत हे नाव ठेवणाऱ्यांना ते सांगायला कुणी देवगावचं नव्हतं. आजींना खाली बसवायला तीन बाया लागल्या. ‘मोबाईलमधली दीक्षा आहे, आजी. घरी बसून घ्यायची.’ ‘आन् केस?’ त्यांनी विचारलं. ‘केस राहतात,’ मी सांगितलं. त्या बसल्या, पण नातवाचा हात सभा संपेपर्यंत त्यांनी सोडला नाही.

तेवढ्यात एक तरणे पालक बोलले, ‘अध्यक्ष, तिकडं सांगलीकडं मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजवत्यात आन् दीड तास समदे मोबाईल बंद. पोरं अभ्यास करत्यात. पेपरात आलं व्हतं. आन् तुमी इथं मोबाईल चालू करायला सांगू राहिले. खरं काय धरावं?’

याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही. मी म्हणालो, ‘दोन्ही बरोबर,’ आणि सहावीचं विज्ञानाचं पुस्तक हातात घेतलं. वक्त्याला काही सुचलं नाही की त्यानं वस्तू हातात घ्यावी, हे मी बियाणे कंपनीच्या मेळाव्यात शिकलो आहे.

धड्याच्या सुरुवातीला तो चौकोन असतो, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा. ‘हा काय आहे?’ मी विचारलं.

‘फोनपे!’ सगळ्या बाया एका सुरात.

‘फोनपे नाही. हा ज्ञानाचा कोड आहे.’ असं म्हणून मी कोड स्कॅन केला. आणि माझ्या बोटानं, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, फोनपेच उघडलं होतं. फोननं कोड नाकारला. पुढच्या बाईंनी मान लांब करून पडद्यावर बघितलं आणि अत्यंत मायेनं विचारलं, ‘खात्यात बॅलन्स न्हाई का, भाऊ?’

ह्या हशातही मी तग धरला. मी म्हटलं, थांबा, छोट्या पडद्यावर कुणाला दिसत नाही, मी हे टीव्हीवरच दाखवतो. इथं धाकटी, जी खिडकीबाहेर मैत्रिणींबरोबर उभी होती, दोन्ही हात हलवून ‘नको, नको’ करत होती. मला वाटलं, बापाला शुभेच्छा देते आहे.

फोन टीव्हीला जोडला गेला. पहिल्या फटक्यात. सात व्हिडिओ फळाला आले. माझा फोन चार फूट रुंदीचा होऊन भिंतीवर उभा राहिला आणि सभेतून ‘आँ’ असा आवाज आला. तो क्षण माझा होता. आयुष्यात एमएस-सीआयटीचा एवढा उपयोग मला कधी झाला नव्हता. मी सभेकडे तोंड करून, टीव्हीकडे पाठ करून, हातातल्या फोनवर न बघता अंगठा दाबला आणि म्हणालो, ‘आता दिसेल बघा दीक्षा.’

माझ्या फोनवर दीक्षाच्या शेजारी उधारीचं अ‍ॅप आहे.

सभा इतकी शांत झाली की बाहेर मक्याच्या शेतातला पाखरं हाकलायचा डबा ऐकू आला. मला वाटलं, विज्ञानाचा धडा आवडला. मी बोलत राहिलो. ‘हे नीट वाचा. हे तुमच्या लेकरांच्या भविष्याचं आहे. घरी जाऊन रोज बघत जा.’ सगळे खरंच वाचत होते. ज्या बाई मला सहीच्या जागी अंगठा देतात त्यासुद्धा ओठ हलवून वाचत होत्या. मग मी वळलो.

उधारीत खऱ्या नावानं खातं लिहिलं तर एका नावाचे पाच जण निघतात. म्हणून मी ओळखायच्या खुणा घातल्या होत्या, माझ्यापुरत्या. त्या आता चार फूट रुंदीत, लाल अक्षरांत, रकमेसकट अशा होत्या :

उद्यावाले काका. शपथवाले अण्णा. दारातूनच परत जाणारे. पोळ्याला देतो (पोळा कुठला ते विचारावे). नवीन बुलेट, ३१,२००.

साठ माथी एकदम दाराकडे वळली. फाटकाजवळ, कडुनिंबाखाली, एक नवीकोरी बुलेट उभी होती. तिचे मालक दाराला टेकून उभे होते. ते हळूहळू दारामागं गेले, पण बुलेटला कुठं जाता येईना.

त्याखाली ‘हेडसर, कुंड्यांचं खत, १४०’. त्याखाली, आणि हे लिहितानाही हात थरथरतो, ‘सासुरवाडी, विचारू नये, ७,५००’. आमची ही तिसऱ्या ओळीत बसली होती. तिनं पदर सावरला. एवढंच. इतक्या वर्षांच्या संसारात तो पदर कधी कशासाठी सावरला जातो हे मला कळतं.

आणि तळाला, हिरव्या अक्षरांत, माझं स्वतःचं देणं : ‘संभाजीनगरचे मोठे शेठ, फोन उचलू नये.’ रक्कम सांगत नाही. वरच्या सगळ्या लाल रकमांची बेरीज केली तरी ती पुरत नाही, हे सतरंजीवरच्या निदान दोन बायांनी तिथल्या तिथे काढलं. ‘ह्यांचंच देनं जास्ती हाये की,’ असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

अशा वेळी माणसानं फोन बंद करावा. मी दाबत सुटलो. जे हाताला लागेल ते. त्यात एक बटण होतं, ‘सर्वांना आठवण पाठवा’.

टिंग.

आधी एक. मग तीन. मग सगळीकडे, सतरंजीवर, दारात, खिशांत, पिशव्यांत, कमरेच्या चंचीत, पाऊस पत्र्यावर सुरू व्हावा तसं. ‘आपणाकडे येणे बाकी आहे. कृपया लवकर भरावे. धन्यवाद.’ शाळेचा व्हिडिओ आला की नेटवर्क नसतं ही पालकांची तक्रार त्या दिवशी कायमची निकालात निघाली. हेडसरांच्या खिशातही वाजलं. त्यांनी फोन काढला, वाचला, आणि एकशे चाळीस रुपयांची ती आठवण डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचली.

शेवटी धाकटी खिडकीतून आत उडी मारून आली आणि तिनं टीव्हीचा प्लग उपटला. मग माझ्या हातातून फोन घेतला, ज्या तऱ्हेनं लहान मुलाच्या हातातली कात्री घेतात.

मागच्या रांगेतून एक बाई शांतपणे म्हणाली, ‘म्हंजी आमच्या ह्यांनी कपाशीच्या औषिदाचे पैसे दिलेच न्हाईत? मला म्हनले दिले.’ दाराजवळून एक जण पसार झाला. दुसरी म्हणाली, ‘पर एक इचारते. तुमच्या उधारीचं जसं समद्यांना टिंग झालं, तसं लेकराच्या हजेरीचं व्हत न्हाई का? माजं पोरगं दप्तर घेऊन निघतं. शाळंत येतं का नदीवर जातं, मला कसं कळावं?’

माझ्या सगळ्या भाषणातून निघालेला हा एकच कामाचा प्रश्न, आणि तो माझ्या फजितीतून निघाला. हेडसरांनी सांगितलं, की गुरुजी हल्ली हजेरी मोबाईलवरच्या चॅटबॉटवर भरतात, २०२३ पासून, आणि ती पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राला जाते. ‘म्हंजी माजं पोरगं आलं न्हाई ते पुन्याला कळतं?’ ‘हो.’ ‘आन् मला न्हाई?’ हेडसर खोळीची झालर सरळ करू लागले.

मग धाकटीनं दहा मिनिटांत सगळं सांगितलं. ती भाषण करत नव्हती, सतरंजीवर बसून एकेकीचा फोन हातात घेत होती. दीक्षात महाराष्ट्र, मराठी, सातवी एकदाच निवडायचं. कोड पुस्तकातला असेल तर दीक्षा, दुकानातला असेल तर फोनपे. कुणी पिन किंवा ओटीपी मागितला की फोन खाली ठेवायचा आणि शाळेतल्या मॅडमना विचारायचं. यातलं एकही वाक्य माझ्या कागदावर नव्हतं. माझ्या कागदावर ‘एकविसावे शतक’ हा शब्द चार वेळा होता.

आणि खरी अडचण बायांनी तिलाच सांगितली, मला नाही. घरात फोन एक. तो सकाळी सातला मालकाच्या खिशात बसून शेतात जातो, रात्री आठला घरी येतो, तेव्हा त्याची बॅटरी आणि मालक दोघंही संपलेले असतात. शाळेतला टीव्ही कितीही रुंद असू दे, घरची शाळा ती एका बंडीच्या खिशाएवढी. मॅडम दुपारी दोनला अभ्यास टाकतात, तेव्हा तो कुठंतरी कपाशीच्या ओळीत वाजतो. एकीनं तर सांगितलं की तिच्या नवऱ्यानं स्वाध्याय म्हणून आलेला निरोप कंपनीची जाहिरात समजून काढून टाकला होता. मी खाली बघितलं. काढून टाकणारा निदान प्रामाणिक होता, त्यानं स्वतः सोडवायला घेतला नव्हता. त्या दिवसापासून अभ्यास रात्री आठनंतर टाकायचं ठरलं, आणि ज्यांच्याकडे फोनच नाही अशा पाच-सहा लेकरांनी शेजारच्या कुणाच्या घरी बसायचं तेही. हे ठरवायला बायांना चार मिनिटं लागली. मी तेव्हा कोपऱ्यात प्लग हातात धरून उभा होतो.

पुढचं थोडक्यात. तिघांनी दुसऱ्या दिवशी येऊन पैसे काउंटरवर आपटले. उद्यावाले काका आले ते फोन घेऊन. त्यांनी आषाढातच दोन हजार फोनपे केले होते, मी मांडायला विसरलो होतो. सगळ्या गावासमोर ज्याला उद्यावाला म्हटलं त्याचं चुकवलेलं होतं. मी हात जोडले. ते म्हणाले, ‘असू द्या, उद्या दुरुस्त करा.’ बुलेटवाल्यांचं म्हणणं पैशांबद्दल नव्हतं, नावाबद्दल होतं. म्हणून ते खातं आता ‘बुलेटवाले साहेब’ आहे. रक्कम तीच. हेडसरांनी एकशे चाळीस रुपये पाकिटात घालून शिपायाबरोबर पाठवले, जावक क्रमांकासह.

सासुरवाडीहून त्याच रात्री पैसे आले. सात हजार पाचशे एक. त्या वरच्या एका रुपयाचा अर्थ मला घरी अजून समजावून सांगितला जातोय.

मोठ्या शेठनाही चुकून आठवण गेली होती, म्हणजे मी त्यांना देणं असताना मीच त्यांच्याकडे मागितलं होतं. त्यांनी फोन केला. या वेळी मला उचलावा लागला.

समितीची पुढची सभा भाद्रपदात झाली. सगळे दहाला हजर होते, मीच उशिरा गेलो. इतिवृत्ताच्या वहीत पाण्याच्या टाकीचा, स्वच्छतागृहाच्या कडीचा आणि पोषण आहाराचा ठराव झाल्यावर हेडसरांच्या सुवाच्य अक्षरात असं आहे : ‘ठराव क्र. ४. पालकसभेत अध्यक्षांनी स्वतःचा मोबाईल शाळेच्या टीव्हीस जोडू नये. सर्वानुमते मंजूर.’ सूचक उद्यावाले काका, अनुमोदक बुलेटवाले साहेब. खाली अध्यक्ष म्हणून सही माझी आहे.

वाचणाऱ्यांपैकी कुणाचं नाव त्या यादीत असेल, तर कपाशीची पहिली वेचणी झालेली आहे, एवढंच.